सोलापूर : आठ पाकळ्यांचा स्टेन्ड ग्लासचा दिवा. तांब्याची फॉइल की शिशाची पट्टी?

आठपाकळी
मंडळी, जेवणाच्या टेबलावर टांगायला स्टेन्ड ग्लासची, म्हणजे रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेली, शेड घरीच करायची आहे. आठ सपाट पाकळ्या, घुमट नको. खाली कोपरा ते कोपरा ४०० मिमी, वरचं तोंड ७५ मिमी, उभी उंची २०० मिमी. शिशाच्या पट्टीत सपाट तावदानं बसवायची सवय आहे, दिवा पहिलाच.

दिव्यालाही शिशाचीच पट्टी घेतली तर काय बिघडेल? आणि काच कोणती? नवी पेठेत फ्रेमवाल्यांकडे ४ मिमीची नक्षीची रंगीत काच मिळते, ती चालेल का? माझं मत विचाराल तर काच पारदर्शकच हवी. दुधी काच रंग मारते.

कथिलवाला
शिशाची एच पट्टी (इंग्रजी H आकाराची, दोन्ही बाजूंना काचेसाठी खाच असलेली) सपाट कामासाठी असते. तुमच्या मापात शेजारच्या दोन पाकळ्यांमध्ये साधारण १४४ अंशांचा कोन येतो. एच पट्टीच्या दोन खाचा समोरासमोर एका रेषेत असतात, त्या कोनात बसवायला पट्टी पिळावी लागते आणि मग काच खाचेत सैल राहते. शिवाय शिसं मऊ. सपाट तावदानाला चौकट धरून ठेवते, दिव्याला चौकट नसते, सगळं वजन वरच्या टोपीवर, म्हणजे तोंड झाकणाऱ्या धातूच्या झाकणावर, लटकतं. वर्षभरात खालचा घेर पसरतो. दिव्याला तांब्याचीच फॉइल.

फॉइल म्हणजे मागे गोंद असलेली पातळ तांब्याची फीत. काचेच्या जाडीवर रुंदी ठरते. ३ मिमी काचेला ५.५ मिमीची, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मिमी दुमडते. ४ मिमी काचेला ६.३५ मिमीची घ्या. फॉइल मधोमध बसली पाहिजे. एका बाजूला दोन मिमी आणि दुसऱ्या बाजूला अर्धा मिमी दुमडली, तर त्या अर्ध्या मिमीच्या बाजूने डाग (वितळलेल्या कथिलाचा, म्हणजे सोल्डरचा, जोड) धरतो पण टिकत नाही, सोल्डर गार होताना फॉइल उचलली जाते.

होटगीरोडकर
कथिलकाका आले म्हणजे धागा शंभरीला जाणार. 😀

अंबर
शिशाच्या पट्टीबद्दल कथिलवाल्यांशी सहमत. दुधी काच रंग मारते, हे मात्र साफ अमान्य.

खिडकीत उजेडाचा स्रोत लांब आणि मोठा असतो, आख्खं आभाळ. म्हणून तिथे पारदर्शक काच झळकते. दिव्यात बल्ब काचेपासून वीतभरावर असतो. पारदर्शक पाकळीतून बल्ब जसाच्या तसा डोळ्यात घुसतो, मधे एक पांढरा ठिपका आणि कडेला मंद रंग. ओपलेसंट किंवा ओपल काच, म्हणजे तुम्ही म्हणता ती दुधी काच, उजेड पोटात घेऊन पसरवते, त्यामुळे पाकळी वरपासून खालपर्यंत उजळते. तिच्यातले पांढरे-रंगीत पट्टे हीच खरी चित्रकला. कटर कुठे ठेवायचा यापेक्षा ताव्याचा कुठला तुकडा घ्यायचा, यावर दिवा चांगला की सुमार ते ठरतं.

आणि दिवा दिवसातले बरेच तास बंद असतो. बंद दिव्यात पारदर्शक काच काळपट दिसते, आतलं होल्डर-वायर सगळं दिसतं. ओपल काच बंद असतानाही रंगीत राहते.

रंगीबेरंगी
पारदर्शक लाल-हिरव्या काचेचा दिवा जेवणाच्या टेबलावर लावला, तर वरण हिरवं आणि भात लाल दिसेल. पाहुणे लवकर उठतील, तेवढाच फायदा.

नवीपेठकर
नक्षीच्या काचेबद्दल. स्थानिक दुकानांत मिळणारी दाणेदार रंगीत काच साडेतीन-चार मिमीची असते. चालते, पण रेघ नेहमी गुळगुळीत बाजूने मारायची, दाणेदार बाजूने कटरचं चाक उड्या मारतं आणि रेघ तुटक होते. दुसरं, वरून रंग दिलेली लॅकरची काच किंवा फिल्म चिकटवलेली काच घेऊ नका. उजेड मागून आला की लॅकरची काच काळी ठिक्कर पडते, आणि सोल्डरच्या तापाने दोन्हींचा रंग कडेने फुगतो. दुकानात ताव हातात घेऊन कड बघा. कड आतपर्यंत रंगीत असेल तर काच रंगीत.

एक अपवाद : काही जुन्या काचांत साध्या काचेवर रंगीत काचेचा पातळ थर असतो, विशेषतः लाल. कडेला तो थर वेगळा दिसतो. तीही उत्तम काच, फक्त रेघ साध्या बाजूने मारायची.

सुगरण
जुन्या काचांवरून आठवलं. पेठांमधले जुने वाडे पाडतात तेव्हा दारावरच्या अर्धगोल झरोक्यातल्या लाल-निळ्या-हिरव्या काचा भंगारात जातात. त्या दिव्यात वापरता येतील का?

नवीपेठकर
येतील ताई, पण तयारी ठेवा. अशा काचांची जाडी एका टोकाला दोन मिमी आणि दुसऱ्या टोकाला अडीच, असं सर्रास असतं. एका पाकळीत दोन जाडीच्या काचा आल्या तर सगळ्यांची बाहेरची बाजू एका पातळीत धरून जोडायच्या, फरक आतल्या बाजूला जाऊ द्यायचा. कडेची जुनी लांबी (पुटी) आणि रंग ब्लेडने खरवडून काढा. जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून ओला करून खरवडा, कोरडा घासू नका. कटरला केरोसीन लावूनच रेघ मारा. आणि पहिला तुकडा टाकाऊ भागातून कापून बघा, काच ऐकते की नाही ते तिथेच कळतं.

होटगीरोडकर
सोलापूरकराला काच मोडायला काय शिकवायचं बे? कडक भाकरी मोडता आली की झालं.

कथिलवाला
मालक, कडक भाकरी हवी तिथून मोडते. काचेला रेघ दाखवावी लागते आणि ती एकदाच. एकाच रेघेवर दोनदा कटर फिरवला की चाक बोथट होतं आणि काच रेघ सोडून पळते. दाब इतकाच की बारीक चर्रर्र आवाज येत राहील. पांढरा भुगा उडत असेल तर दाब जास्त आहे. रेघ कडेपासून कडेपर्यंत पूर्ण न्यायची आणि लगेच मोडायची. लांब सरळ रेघेला रनिंग प्लायर्स (रेघेवर दाब देऊन काच मोडणारी पक्कड), चिंचोळ्या पट्टीला दातेरी पक्कड.

जकार्ड
नक्षीसाठी एक सुचवतो. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणली जाते, म्हणून ती मुळात चौकटींच्या कागदावरची असते. सगळं पायरी-पायरीने जातं. चादरीच्या काठावरचे शंकरपाळे, पायऱ्यांचे त्रिकोण, हे सगळं सरळ कापांत बसतं. पहिल्या दिव्याला वेलबुट्टीपेक्षा हे सोपं. मरून, पिवळा, हिरवा आणि पार्श्वभूमीला दुधी पांढरा.

अंबर
कल्पना झकास. दोन अडचणी आधीच सांगते.

पायरीचा आतला काटकोन एका तुकड्यात कापता येत नाही, काच त्या कोपऱ्यातून तिरकी तडकते. तिथे तुकडा दोन आयतांत फोडावा लागतो आणि नक्षीत एक जास्तीची काळी रेघ येते. ती रेघ नक्षीचाच भाग वाटेल अशी आधीच कागदावर आखून घ्या.

दुसरं, चौकट फार बारीक करू नका. १० मिमीचा चौकोन घेतला तर चारी बाजूंनी सव्वा मिमी फॉइल बसते, उरतो साडेसात मिमी. म्हणजे रंगाचं क्षेत्र जेमतेम ५६ टक्के, बाकी सगळं कथिल. २० मिमीच्या खाली जाऊ नका. तुमच्या मापाच्या पाकळीत पाच ते सात तुकडे पुरेत.

रंगीबेरंगी
टिफनीने एकेका दिव्यात हजार-हजार तुकडे बसवले आणि तुम्ही सातावर अडलात?

अंबर
टिफनीने स्वतः बसवले नाहीत हो. लुई कम्फर्ट टिफनी न्यूयॉर्कमध्ये कारखाना चालवायचा. त्याच्या गाजलेल्या दिव्यांपैकी बऱ्याच दिव्यांची कल्पना क्लारा ड्रिस्कॉल या बाईंची. चतुर किड्यांचा दिवा, विस्टेरिया या फुलवेलीच्या घोसांचा दिवा, हे त्यांचेच. त्यांनी घरच्यांना लिहिलेली पत्रं हाती लागली आणि २००७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर प्रदर्शन झालं, तोवर सगळं श्रेय टिफनीच्या नावावर होतं. काच निवडणं, कापणं आणि फॉइल लावणं हे त्यांच्या हाताखालच्या मुलींचं खातं करायचं. विस्टेरियाच्या शेडमध्ये दोन हजारांच्या आसपास तुकडे आहेत हे खरं, पण ते लाकडी साच्यावर जुळवलेले. आपल्याकडे साचा नाही म्हणून तर सपाट पाकळ्या.

मोरचूद
थोडं अवांतर चालू आहे तर माझीही भर. खिडक्यांसाठी ओपलेसंट काचेचं पेटंट जॉन ला फार्ज या अमेरिकन चित्रकाराने १८८० मध्ये घेतलं, टिफनीने त्यानंतर. दोघांचं त्यावरून चांगलंच बिनसलं. आपल्याकडे चांगल्या स्टेन्ड ग्लास खिडक्या बघायच्या तर मुंबईला सीएसएमटी आणि राजाबाई टॉवरखालचं विद्यापीठाचं ग्रंथालय. तिथलं काम शिशाच्या पट्टीचं, काही काचांवर रंगकाम करून भट्टीत भाजलेलं. दिव्याचं काम वेगळ्या जातीचं, दिव्यात शक्यतो रंगकाम नसतं, जे काही दिसतं ते काचेचंच.

आठपाकळी
बरं, फॉइल मान्य. ओपलवरही जवळपास राजी आहे. पाकळीचं माप कसं काढायचं? कागदाचा शंकू करून बघितला तर वरचं तोंड जुळत नाही.

कथिलवाला
शंकूने नाही जुळणार, तुमची शेड अष्टकोनी आहे. अष्टकोनाची बाजू म्हणजे कोपरा ते कोपरा व्यास गुणिले ०.३८३. खाली ४०० × ०.३८३ = १५३ मिमी. वर ७५ × ०.३८३ = २९ मिमी. आता पाकळीची तिरकी उंची. मध्यापासून बाजूपर्यंतचं अंतर खाली सुमारे १८५ आणि वर ३५, फरक १५०. उभी उंची २००. पायथागोरस लावा, २५० मिमी.

म्हणजे पाकळी : खाली १५३, वर २९, मधोमध उंची २५०. पुठ्ठ्याचे आठ फर्मे कापून शेजारी-शेजारी जमिनीवर मांडा. पंखा सुमारे २२३ अंशांचा उघडला तर माप बरोबर. सगळ्याच पाकळ्या दीड मिमी रुंद झाल्या तर फारसं बिघडत नाही, पण आठही पाकळ्या एकसारख्या हव्यात. एक वेगळी असेल तर टोपी कलंडते आणि टांगल्यावर दिवा तिरका दिसतो.

नवीपेठकर
काच किती घ्यायची तेही सांगतो. आठ पाकळ्यांचं क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस फूट भरतं. २५० मिमी रुंदीच्या पट्टीतून पाकळ्या एक सुलटी एक उलटी कापल्या तर आठशे मिमीच्या आत काम होतं. पण पट्ट्यापट्ट्यांच्या ओपल काचेत असं कापू नका, निम्म्या पाकळ्यांत रंग खालून वर जातो आणि निम्म्यांत वरून खाली. दिवा लागला की लगेच डोळ्यात खुपतं. सगळ्या सुलट्या कापायच्या तर सव्वा मीटर लांब पट्टी लागते. एकूण चार चौरस फूट धरा.

बाहेरगावहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मागवत असाल तर ताव उभे बांधायला सांगा. आडवा टाकलेला ताव बसच्या डिकीत टिकत नाही.

सुगरण
जोडणी जरा सविस्तर सांगा ना कथिलकाका. फॉइल लावल्यावर पुढे काय?

कथिलवाला
फॉइल लावण्याआधीपासून सांगतो, कारण तिथेच बिघडतं. ग्राइंडरवर कड घासली की काचेचा भुगा पाण्यासकट कडेला चिकटून बसतो. साबणाने धुवा, सुती फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. ओल्या किंवा तेलकट कडेवर फॉइल चिकटल्यासारखी वाटते आणि डाग देताना सुटते. फॉइलची सुरुवात जी कड आत जाणार तिच्यावर करा, टोकं पाच-सहा मिमी एकमेकांवर घ्या, मग प्लास्टिकच्या घोटणीने चारी बाजू घोटा. पारदर्शक काच असेल तर काळ्या पाठीची फॉइल घ्या, नाहीतर काचेतून गोंदाची बाजू दिसते.

फ्लक्स (कथिल तांब्याला धरावं म्हणून लावायचं रसायन) ब्रशने लावा. रेडिओ दुरुस्तीची राळ भरलेली तार इथे चालत नाही, काचेवर चिकट पिवळा थर बसतो. भरीव तारेचं ६०/४० कथिल-शिसं घ्या. ते १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं आणि लवकर गोठतं, म्हणून वरची गोल गुळगुळीत रेघ त्यानेच येते. आतल्या बाजूच्या भरणीला ५०/५० चालतं. आयर्न ८० ते १०० वॉटचं, चपट्या टोकाचं, तापमान ३७० ते ४०० च्या दरम्यान. २५ वॉटचं घेतलंत तर कथिल ढेकळांनी बसेल. टोक काळं पडलं की नवसागरावर घासून पुन्हा कल्हई करा.

आधी प्रत्येक पाकळीतले तुकडे सपाट टेबलावर जोडून घ्या. मग आठ पाकळ्या पालथ्या पंख्यासारख्या मांडा, बाहेरून सेलोटेपने एकमेकींना बांधा आणि वरून उचलून शंकू उभा करा. इथे दोन माणसं लागतात. शेवटची फट टेपने बंद करा, तोंड गोल आहे का बघा, वरखाली एकेक ठिपका डाग द्या. मग टोपी. पितळी टोपीला लॅकर असेल तर पॉलिश पेपरने काढा, कडेला कल्हई करून घ्या आणि आठही सांध्यांना जोडा. ७५ मिमीच्या तोंडाला १०० मिमीची टोपी योग्य.

त्यानंतर लांब सांधे. सांधा प्रत्येक वेळी आडवा, पातळीत आला पाहिजे, नाहीतर वितळलेलं कथिल खाली ओघळतं. खोक्यात जुने टॉवेल कोंबून शेड त्यात टेकवा, सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. आधी आतून आठही सांधे, मग बाहेरून. एकाच जागी आयर्न धरून बसू नका, काच तापून तडकते. सांधा बिघडला तर तिथेच घोटत बसण्यापेक्षा पुढच्या सांध्याकडे जा आणि गार झाल्यावर परत या.

शेवटी खालच्या घेराला दीड मिमीची कल्हईची तांब्याची तार फिरवून पूर्ण लांबी डाग द्या. पुष्कळजण ही तार टाळतात आणि धूळ पुसताना खालचा कोपरा हातात येतो.

होटगीरोडकर
एवढं वाचेपर्यंत माझं आयर्न गार झालं.

वीजतंत्री
शिसं आहे, म्हणून दोन ओळी. डाग देताना खाणं-पिणं, तंबाखू नको. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. नंतर हात आणि टेबल साबणाने धुवा. धूर येतो तो मुख्यतः फ्लक्सचा, तोही छातीत घेऊ नका. डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, त्याने सांधा खडबडीत गोठतो. खिडकीत बाहेर हवा फेकणारा छोटा पंखा लावा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पहाटे काम करा, घामाचा थेंब फॉइलवर पडला की ती काळवंडते.

मोरचूद
फॉइलची गुंडाळी उन्हाळ्यात उघडी ठेवू नका. गोंद कडेने ओघळतो आणि तांबं गंजतं. हवाबंद पिशवीत, सावलीत.

आता माझा विषय. डाग दिल्यावर सांधे चांदीसारखे दिसतात. तांब्याचा रंग हवा असेल तर महागडी बाटली लागत नाही, खतांच्या दुकानात द्राक्षावरच्या बोर्डो मिश्रणासाठी मिळतो तो मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या. कोमट १०० मिली पाण्यात २० ग्रॅम विरघळवा, हातमोजे घालून कापसाने सांध्यावर चोळा. कथिल-शिशावर तांबं चढतं. अट एकच, सांधा ताजा आणि स्वच्छ हवा. फ्लक्स राहिलं असेल तर डाग पडतात. आधी भांड्याच्या साबणाने, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, बारीक स्टील वूल फिरवा, त्याच दिवशी मोरचूद लावा. दोन दिवसांनी लावलात तर रंग कुठे गुलाबी, कुठे तपकिरी येतो. वाळल्यावर गाडीचं मेण. हे भांडं परत स्वयंपाकात नेऊ नका, मोरचूद विषारी आहे.

अंबर
ओपल काचेला काळा सांधा जास्त खुलतो असं माझं मत. तांब्याचा रंग अंबर (मधासारख्या पिवळ्या) आणि हिरव्या काचेत ठीक, निळ्यात विटका दिसतो. काळ्यासाठी तयार काळं पॅटिना (सांध्याचा रंग बदलणारं रसायन) घ्या, मोरचुदाने काळं होत नाही.

मोरचूद
मत तुमचं, मोरचूद माझा. 🙂

आठपाकळी
वीजतंत्री, बल्बचं राहिलं. आणि दोन किलोच्या आसपास वजन छताला झेपेल ना?

वीजतंत्री
काचच १.३५ किलोच्या वर भरते, कथिल, टोपी, होल्डर धरून दोन किलो. पंख्याच्या हुकाला काहीच नाही. पण वजन वायरवर टाकू नका आणि काचेवरही नको. टोपीतून १० मिमीचा आट्यांचा पोकळ पाइप, आत-बाहेर वायसर आणि नट, खाली होल्डर, वर साखळी.

लोक विसरतात ते अर्थिंग. फॉइलचे सगळे सांधे एकमेकांना जोडलेले धातू आहेत. होल्डरमध्ये एक वायर उघडी पडली तर अख्ख्या शेडमध्ये करंट. तीन तारांची वायर घ्या आणि हिरवी तार टोपीला पक्की बसवा.

बल्ब दुधी एलईडी, ७ वॉट पुरे. उजेडाचा रंग २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. लाल, अंबर, मरून यातच खुलतात. ६५०० चा पांढराशुभ्र लावला तर हे रंग मेल्यासारखे दिसतात. निळा-जांभळा जास्त असेल तर ४००० ही तडजोड. डब्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० लिहिलेला मिळाला तर तो घ्या. पिवळ्या तारेचा जुना ६० वॉटचा बल्ब नको, टोपी भाजते.

आठपाकळी
मग असं धरतो : ३ मिमी ओपल, दुधी पार्श्वभूमीवर मरून-पिवळा शंकरपाळा, पाकळीत सात तुकडे, ५.५ ची फॉइल, काळा सांधा. खालच्या काठाची एक ओळ मात्र पारदर्शक अंबर. तेवढा हट्ट राहू द्या.

अंबर
राहू द्या, तो हट्ट शहाणा आहे. बल्ब त्या ओळीच्या वर राहील इतका उचलून बसवा, म्हणजे बसल्या जागेवरून डोळ्यावर येणार नाही. तरी चमकला तर त्या तुकड्यांची आतली बाजू सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने धुरकट करून) घ्या, फॉइल लावण्याआधी.

सुगरण
टेबलापासून किती उंच टांगायचा?

वीजतंत्री
टेबलाच्या फळीपासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत ७०० ते ८०० मिमी. शेजारी पंखा फिरत असेल तर साखळीऐवजी सरळ पितळी पाइप घ्या, दिवा डोलत नाही आणि वायरही आतूनच जाते.